कापसाचा धक्का, मासळीचा बाजार

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे समुद्र येतो तो पोत्यातून. आठवडी बाजारात एका कडेला, मिरची-हळदीच्या ढिगांपासून जरा लांब, सुक्या बोंबलाची आणि सुकटीची पोती उघडलेली असतात. पावसाळा तोंडावर आला की त्यांच्यापुढे गर्दी वाढते. ताजी मासोळी इथली म्हणजे कन्हानची, जामची, नाहीतर तलावातली. रोहू, कतला, मरळ, झिंगे. ढिवर-भोयांच्या बाया ती टोपलीतून आणतात आणि उन्हं चढायच्या आत संपवतात. खाऱ्या पाण्याची मासोळी आम्हाला ठाऊक आहे ती वाळलेलीच.

तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी बसून मुंबईच्या जुन्या मासळी बाजारावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कोणी विचारलं तर उत्तर एका शब्दात आहे. कापूस! आमच्या काळ्या जमिनीतला कापूस ज्या रस्त्याने समुद्राकडे गेला, त्या रस्त्याच्या टोकाला आज मासळीचा बाजार भरतो. हा योगायोग मला बरीच वर्षं खुणावत होता.

गोष्ट सुरू होते दूर अमेरिकेत. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं अडवली गेली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इंग्रजांचं लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे गेलं. वऱ्हाड, हिंगणघाट, नागपूरच्या आसपासचा मुलूख एकाएकी मोलाचा झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी एक खास 'कॉटन कमिशनर' नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा. (मुंबईचं कर्नाक बंदर ज्या गव्हर्नराच्या नावाचं, तो याच घराण्यातला. त्या नावाचा रेल्वेपूल पाडून नवा बांधला, त्याला २०२५ मध्ये 'सिंदूर पूल' नाव मिळालं.) १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. तोवर युद्ध संपलं होतं, मुंबईतले शेअरांचे फुगे १८६५ लाच फुटले होते, पण कापसाची वाट पडली ती पडलीच.

मुंबईत या कापसाचा मुक्काम कुलाब्याला. आधी तो किल्ल्यातल्या मोकळ्या मैदानात, सेंट थॉमस चर्चच्या समोर, रचून ठेवत. १८३८ मध्ये कुलाब्याचा बांधरस्ता झाला, बेटं जोडली गेली, आणि १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. गठ्ठे, गोदामं, दाबयंत्रं. जहाजं मात्र खोल पाण्यात उभी राहत, आणि माल लहान होड्यांतून ने-आण करावा लागे. मुंबईच्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला किनाऱ्यालगत नुसता चिखल. यावर उपाय म्हणजे दरवाजे असलेली गोदी. भरतीला पाणी आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, आणि बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगतं ठेवायचं. पश्चिम हिंदुस्थानातली अशी पहिली गोदी १८७५ मध्ये कुलाब्याला बांधली गेली. बांधणारा अल्बर्ट सासून. त्याचे वडील डेव्हिड सासून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. अफू आणि कापूस या दोन मालांवर त्यांचं घराणं उभं राहिलं. काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यामुळे पडलं, तो प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळाही या अल्बर्टनेच दिलेला.

पण खासगी माणसाच्या हातात गोदी, ही गोष्ट सरकारला रुचेना. बंदरावर मक्तेदारी होऊ नये म्हणून १८७० मध्येच सरकारने एल्फिन्स्टन कंपनीची किनाऱ्यावरची मिळकत विकत घेतली होती. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १८७९ मध्ये सासून गोदीही सरकारजमा झाली. पुढच्याच वर्षी प्रिन्सेस डॉक उघडला, मग व्हिक्टोरिया, मग १९१४ मध्ये अलेक्झांड्रा (आजचा इंदिरा डॉक). जहाजं मोठी होत गेली, सासूनच्या गोदीत मावेनाशी झाली. १९२० च्या दशकात कापसाचा बाजारही कुलाबा सोडून शिवडीकडे गेला. तिथल्या रेल्वे स्थानकाला आजही कॉटन ग्रीन म्हणतात.

कापूस गेला आणि मासळी राहिली. "आली" असं मी मुद्दाम म्हणत नाही. कारण कुलाब्याला मासळी कापसाच्या कितीतरी आधीपासून होती. कुलाबा हे नावच कोळ्यांवरून पडलं, असं मानणारे जाणकार आहेत. पोर्तुगीजांनी १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. या देण्याघेण्याच्या वेळी माझगाव, मांडवी, वरळी, माहीम, शीव, कुलाबा इथे कोळीवाडे होतेच. मुंबादेवी कोळ्यांची. कागदावर मात्र त्यांचं नाव कुठेच नाही. राजा आहे, राजकन्या आहे, कंपनी आहे... ज्यांच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या होत्या त्यांना कोणी विचारल्याचं दिसत नाही.

त्यांची पहिली ठळक नोंद सापडते ती तक्रार म्हणून, आणि तक्रार वासाची! सतराव्या शतकात मुंबईत आलेले इंग्रज प्रवासी, फ्रायर आणि ओव्हिंग्टन, इथल्या हवेला दोष देतात. त्यांच्या मते इथे माणसं पटापट मरतात याचं एक कारण म्हणजे नारळीच्या मुळाशी खत म्हणून घातलेली कुजकी मासळी. पुढे कंपनीने या खताला मनाई केली. हिवताप डासांमुळे होतो हे कळायला अजून दोनशे वर्षं होती, तोवर मासळीचा वास हाच आरोपी. मला यात गंमत वाटते ती ही, की पुढे प्रत्येक वेळी जेव्हा मासळी बाजार हलवायचा झाला, तेव्हा कारण म्हणून हाच शब्द पुढे आला. फक्त तो इंग्रजी अहवालातून मराठी परिपत्रकात उतरला, 'दुर्गंधी' होऊन.

आता क्रॉफर्ड मार्केटकडे येऊ. कारण मुंबईचा जुना मासळी बाजार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर तेच येतं.

आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. नुकताच गव्हर्नर फ्रेअरने किल्ल्याचा तट पाडायला घेतला होता. शहर तटाबाहेर पसरत होतं आणि त्याची घाण जिथल्या तिथे साचत होती. क्रॉफर्ड झपाटलेला माणूस. त्याने कत्तलखाना शहरातून उचलून वांद्र्याला नेला, रस्ते रुंद केले, आणि जुने दाटीवाटीचे बाजार बंद करून त्यांच्या जागी एक मोठा बाजार उभा केला. इमारत विल्यम इमर्सनची, म्हणजे ज्याने पुढे कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल रचलं त्याची. काम १८६९ मध्ये पुरं झालं. प्रवेशद्वारावरची शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंगने घडवली. तो समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवायचा. त्याचा मुलगा रुडयार्ड तिथेच १८६५ मध्ये जन्मला. शिल्पांत शेतकरी आहेत. जमिनीवरच्या फरशा स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणल्या होत्या! दख्खनच्या पठारावर दगड संपला होता की काय, कोण जाणे.

या बाजारात फळं आणि भाजी दर्शनी बाजूला, आणि मासळी-मटण मागे. ही मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. शहराला मासळी हवी आहे, पण दारात नको. कोळणीला छप्पर मिळालं, ओटा मिळाला, नळाचं पाणी मिळालं. उन्हात, माशांच्या घोंघाटात, रस्त्याच्या कडेला बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि क्रॉफर्डचं हे श्रेय मी काढून घेणार नाही. पण ओट्याबरोबर दुसरंही एक मिळालं. परवाना.

क्रॉफर्डचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. खर्च हाताबाहेर गेला, करदाते खवळले, १८७१ मध्ये त्याला जावं लागलं, आणि त्या गदारोळातून १८७२ चा म्युनिसिपल कायदा आला, ज्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडायचा हक्क दिला. म्हणजे मुंबईच्या निवडणुकांच्या मुळाशी एका बाजाराचं बिल आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. पुढे हाच गृहस्थ पुण्याकडे आयुक्त असताना १८८८ मध्ये लाचेच्या प्रकरणात अडकला. त्याच्यासाठी पैसे दिल्याचं मामलेदारांनी कबूल केलं, तर मामलेदारच अडचणीत आले, आणि त्यांच्या बाजूने टिळक उभे राहिले. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाने हे प्रकरण एकदा तरी वाचावं. साहेब सुटतो आणि खालचा अडकतो, ही रीत किती जुनी आहे ते कळतं. आणि आता या बाजाराला नाव आहे महात्मा जोतीराव फुले मंडई. पुण्याच्या रे मार्केटलाही तेच नाव. त्या मार्केटवर नगरपालिकेने एवढा खर्च करू नये, शिक्षणावर करावा, म्हणून जोतीरावांनी विरोध केला होता. नाव देणाऱ्यांना हे आठवलं होतं का, हा प्रश्न मी सोडून देतो.

असो. परवान्याकडे परत येतो, कारण माझ्या मते मासळी बाजाराचा खरा इतिहास तिथे आहे.

१८८८ मध्ये मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. तोच कायदा, शेकडो दुरुस्त्यांसकट, आजही चालू आहे. त्याच्या कलम ४१० मध्ये असं आहे की मटण, मासळी वगैरे माल बाजाराबाहेर, आयुक्तांच्या परवान्याशिवाय, विकता येणार नाही. कारकुनी करून मला एक खोड लागली आहे. कायदा वाचताना मी नियमापेक्षा अपवाद आधी शोधतो. नियम सगळ्यांसाठी असतो, अपवाद मात्र कोणीतरी भांडून मिळवलेला असतो, किंवा कोणाचा तरी जुना हक्क पुसता न आल्यामुळे राहून गेलेला असतो. या कलमालाही एक अपवाद आहे. समुद्रात पकडून थेट किनाऱ्याला आणलेली ताजी मासळी, ज्या होडीतून आणली त्याच होडीत मांडून विकली, तर तिला हा नियम लागू नाही.

वाचकहो, हे वाक्य मी दोनदा वाचलं. होडीत आहे तोवर मासळी कोळ्याची. तिथे आयुक्त नाही, परवाना नाही, शुल्क नाही. टोपली डोक्यावर घेऊन कोळणीने चिखलात पाय ठेवला की ती महापालिकेच्या हद्दीत आली आणि हक्काचा परवाना झाला. पकडणारा पुरुष, विकणारी बाई, ही कोळीवाड्यातली कामाची वाटणी. म्हणजे कायद्याची सूट पुरुषाच्या होडीपाशी थांबते आणि परवान्याची कटकट सुरू होते ती बाईच्या टोपलीपासून. कायदा लिहिणाऱ्यांच्या हे मनातही नसेल. पण कागदाचा परिणाम कागद लिहिणाऱ्याच्या मनावर थोडाच अवलंबून असतो?

हक्क आणि परवाना यांत फरक काय, हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. छिंदवाडा आणि सिवनीच्या सीमेवर पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण झालं, गावं उठली, आणि शेजारीच राष्ट्रीय उद्यान. जलाशयात पिढीजात मासेमारी करणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मध्य प्रदेश सरकारने ३०५ कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले होते. १९९७ च्या निकालात न्यायालयाने ते अटींसह राहू दिले. फोटोचं ओळखपत्र जवळ हवं, ठरलेल्या वाटेनेच ये-जा, काठावर चूल पेटवायची नाही. वाघाच्या दृष्टीने या अटी योग्यच असतील, मी त्यावर वाद घालत नाही. पण नदीवरचा माणूस ३०५ या आकड्यात बसला, तेव्हा त्याच्या हक्काची मोजदाद झाली आणि मोजदाद झाली की मर्यादा आली. ज्याचं नाव यादीत नाही त्याने काय करायचं, याला कागदावर उत्तर नसतं.

मुंबईत हीच गोष्ट ओट्यांच्या बाबतीत झाली. बाजाराचा ओटा पालिकेचा, कोळीण परवानाधारक. शंभर-सव्वाशे वर्षं तिला यात काही वावगं वाटलं नसणार. आजीचा ओटा आईकडे, आईचा सुनेकडे, नावं बदलत गेली. ओटा आपलाच, असं वाटायला तीन पिढ्या पुरतात. पण इमारत गेली की ओटा गेला.

आणि इमारत गेली. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे पलटण रस्त्यावर छत्रपती शिवाजी महाराज मंडईची इमारत होती, खाली मासळी, वर कचेऱ्या. घाऊक मासळीचा मोठा व्यवहार तिथे चाले. इमारत धोकादायक ठरली. २०२१ मध्ये पालिकेने ती रिकामी करायला घेतली आणि घाऊक विक्रेत्यांना ऐरोलीच्या नाक्याकडे जागा दाखवली. त्याच वर्षी दादरचा घाऊक मासळी बाजारही हटवला. कोळणी रस्त्यावर उतरल्या. आम्ही ऐरोलीला जाणार नाही, त्याच जागेवर बाजार बांधून द्या, अशी त्यांची मागणी. वर्तमानपत्रांतून त्यावर बरंच आलं. काहींचा सूर असा होता की या बायकांना विकास समजत नाही.

नकाशा समोर ठेवून पाहा. मासळी उतरते दक्षिणेला, सासून डॉकला आणि भाऊच्या धक्क्याला. लिलाव पहाटेच्या अंधारात. तिथून क्रॉफर्ड मार्केट हाकेच्या अंतरावर. बर्फ लावून टेम्पो भरला की अर्ध्या तासात माल ओट्यावर. तिथून किरकोळ विकणाऱ्या बाया टोपल्या घेऊन लोकलच्या लगेज डब्यातून उपनगरांत जातात. ऐरोली तीसेक किलोमीटर उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. दक्षिणेत उतरलेली मासळी तिथे न्यायची, विकायची, आणि गिऱ्हाईक दक्षिणेतलं असेल तर परत आणायची? मासळीचं आयुष्य तासांत मोजतात. हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. माझी कला शाखेची पदवीही पुरली.

बाजार हलवणं ही मुंबईचीच रीत आहे असं नाही. लंडनचा बिलिंग्जगेट हा टेम्सकाठचा मासळी बाजार शेकडो वर्षांचा. क्रॉफर्ड मार्केटनंतर आठ-दहा वर्षांत त्याची देखणी इमारत उभी राहिली आणि १९८२ मध्ये बाजार शहराच्या पूर्वेकडे हलवला. न्यूयॉर्कचा फुल्टन बाजार २००५ मध्ये ब्राँक्सला गेला. टोकियोचा त्सुकिजी १९३५ पासून होता. वर्षानुवर्षांच्या वादानंतर २०१८ मध्ये त्याचा लिलाव तोयोसूला गेला. पण त्सुकिजीत हलला तो लिलावाचा आतला बाजार. बाहेरच्या गल्ल्यांतली लहान दुकानं, खाणावळी, सुऱ्यांची दुकानं जिथे होती तिथेच राहिली. घाऊक कुठे आणि किरकोळ कुठे, हा फरक त्यांनी केला. मुंबईत किरकोळवाल्यांना फुले मंडईत जागा द्यायची असं ठरलं खरं, पण घाऊक आणि किरकोळ यांना इथे जोडणारी बाई एकच असते, हे फायलीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता परत सासून डॉकला. क्रॉफर्ड मार्केट मासळीसाठी बांधलं, त्यातून मासळी निघाली. सासून डॉक मासळीसाठी बांधलंच नव्हतं, तिथे मासळी टिकली. विटांच्या कमानीतून आत गेलं की दगडी धक्क्याला लागून बोटी. त्या आता इंजिनाच्या आहेत. बर्फाचे खडे घसरवत नेणारे हमाल, बोटीवरून उडत येणाऱ्या टोपल्या, धक्क्यावर झेलणारे हात. पापलेट, सुरमई, रावस, घोळ यांचे भाव ऐकून माझ्यासारखा पगारी माणूस दोन पावलं मागे सरकतो. एका बाजूला ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बाया. त्यांतल्या सगळ्या कोळी नाहीत, बंजारा समाजाच्याही आहेत, दुष्काळी मुलुखातून आलेल्या. कोळंबीच्या काट्यांनी बोटं फाटतात आणि बर्फाच्या पाण्याने बधिर होतात. मजुरी सोललेल्या मालावर. त्यांच्यासाठी परवाना नाही, अपवादही नाही. त्या या सगळ्या कागदांच्या बाहेर आहेत.

२०१७ मध्ये या गोदीच्या एका गोदामात कलाप्रदर्शन भरलं होतं, सासून डॉक आर्ट प्रोजेक्ट. भिंतींवर कोळ्यांचे मोठाले चेहरे रंगवले. ज्यांनी आधी कधी तिथे पाऊल टाकलं नव्हतं अशी माणसं नाकाला रुमाल लावून आली आणि फोटो काढून गेली. चांगलंच झालं. निदान शहराला कळलं की ही जागा आहे. पण जागेकडे असं लक्ष गेलं की मला जरा धास्तीच वाटते. कुलाब्यासारख्या ठिकाणी समुद्रकाठची एवढी जमीन, आणि ती पोर्ट ट्रस्टची, आताच्या भाषेत पोर्ट ऑथॉरिटीची. मासळीवाले तिथे भाडेकरू, किंवा भाडेकरूंचे भाडेकरू. कापसाने जागा सोडली ती अधिक मोठ्या गोदीसाठी. मासळीला सोडावी लागली तर जायला मोठी गोदी नाही.

भाऊच्या धक्क्याची गोष्ट मात्र थोडी निराळी, आणि माझ्या आवडीची. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, पाठारे प्रभू. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकुनी करणारा माणूस! होड्यांतून उतरणाऱ्या उतारूंना चिखलातून यावं लागतं हे पाहून त्याने भराव घालून धक्का बांधला, १८४० च्या सुमारास. सासूनच्या गोदीच्या तीसेक वर्षं आधी, आणि बगदादच्या भांडवलाशिवाय. गोव्यातून आलेल्या गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये 'मुंबईचें वर्णन' लिहिलं तेव्हा भाऊ जाऊन थोडी वर्षं झाली होती. आज त्या नावाने ओळखला जातो तो माझगावचा धक्का नंतरचा. जागा बदलली, नाव बरोबर आलं. उरण-रेवसच्या लाँची, आणि पहाटे मासळीचा लिलाव. क्रॉफर्डचं नाव पाटीवरून गेलं. अल्बर्ट सासून सर झाला, पुढे लंडनला गेला, त्याचं नाव टिकलं ते मासळीमुळे. भाऊचं नाव मात्र पाटी न लावताच तोंडातोंडी चालत राहिलं.

जाता जाता बोंबलाबद्दल. इंग्रज त्याला बॉम्बे डक म्हणत. मुंबईच्या डाकगाडीतून सुक्या बोंबलाचा वास येई म्हणून 'बॉम्बे डाक', त्यावरून डक, ही कथा सगळीकडे सांगतात. खरी नाही. रेल्वे आली १८५३ मध्ये, हे नाव त्याआधीच छापलेलं सापडतं. पण गाडीतून बोंबील आला हे खरंच. खाली कापूस आणि वर बोंबील, अशी ती ने-आण. आमच्याकडे ताटात तो भाकरीबरोबर, तिखट लावून भाजलेला, नाहीतर वांग्यात. कोकणातल्या माणसाला वांग्यात बोंबील सांगितला की तो हसतो. हसू दे.

आणि होडीचं काय झालं, ती ज्या अपवादात सुरक्षित होती? वरळीच्या कोळीवाड्यातून बोटी समुद्रात जातात त्या वाटेवर किनारी रस्त्याचा पूल आला. पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. एवढ्या जागेतून भरतीच्या लाटेत, वाऱ्यात, बोट सांभाळून नेता येणार नाही, खांबावर आदळेल, असं कोळ्यांचं म्हणणं. त्यांनी काम अडवलं, समुद्रात बोटी उभ्या केल्या, बैठका झाल्या, तज्ज्ञ आले. डिसेंबर २०२२ मध्ये ६० चे १२० मीटर करायचं मान्य झालं. कोळ्यांनी मागितलं होतं त्याहून ते कमीच होतं.